विसर्ग

सोमवार, दुपार

दुकान उघडून बसलोय, पण पितृपंधरवड्यात वह्या-पेनं न्यायला कोण येतंय? दोन्ही दंड असे भरून आलेत की वरच्या फळीवरचा खोका काढायला शेजारच्या पोराला हाक मारावी लागली. अक्षर वाकडं येतंय ते त्यामुळंच. काल जन्मात पहिल्यांदा राफ्टिंग केलं. वय ५४, वजन ८२, बीपीची गोळी चालू, हे सगळं तिथल्या फॉर्मवर इमानदारीत लिहून दिलं. खाली इंग्रजीत मुंगीएवढ्या अक्षरांत बरंच काही होतं. भाचा म्हणाला, "मामा, वाचू नका. वाचलं की कुणी सही करत नाही." केली सही.

बेत भाच्याचाच. त्याच्या कंपूतला एक जण ऐन वेळी गळाला आणि भरलेले पैसे वाया जायला नकोत म्हणून मामाची वर्णी लागली. ही भाकरी थापत होती. "पंधरवड्यात पाण्याशी कसला खेळ?" म्हणाली, आणि तव्यावरची भाकरी उलटता उलटता, "पाणी काय कमी बघितलंय का आपण?" पहिल्या प्रश्नाला काहीतरी उत्तर देता आलं असतं. दुसऱ्याला नव्हतं. तरी गेलो.

शनिवारी रात्री दहाला सांगलीच्या पुष्पराज चौकातून गाडी सुटली. इस्लामपूर, कराड, पाटण. पोरं भेंड्या खेळत होती, मला कोयनानगर मागं पडेपर्यंत झोप नाही. रात्रीचं धरण दिसत नाही, पण ते अमुक बाजूला आहे हे सांगलीच्या माणसाची मान आपोआप सांगते. पावसाळ्यात आमच्याकडं दोन आकडे शाळकरी पोरालाही पाठ असतात. १०५ टीएमसीपैकी कोयना किती भरली, आणि कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी किती फूट. ४० ला इशारा, ४५ ला धोका. पायथा वीजगृहातून २१०० क्युसेक सोडलं म्हटलं की काही नाही, चहा प्यायचा. सहा वक्र दरवाजे उचलले म्हटलं की चहा तसाच ठेवून माल वर चढवायला घ्यायचा. विसर्ग म्हणजे अक्षरापुढची दोन टिंबं हे आमच्याकडं फक्त पहिली-दुसरीपर्यंत, पुढं तो धरणातून सोडलेल्या पाण्याचा. (कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाबद्दल इथं लिहीत नाही. तो विषय काढला तर ही वही पुरायची नाही.)

कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, तिथनं गोवा हायवेनं महाड, माणगाव, पहाटे कोलाड. अंघोळीच्या सोयीबद्दल फोनवर काय सांगितलं होतं आणि तिथं काय होतं, ते सोडून देऊ. पोहे मात्र झकास. ओलं खोबरं मूठमूठ घातलेलं.

जीपनं नदीवर नेलं तर नदी नव्हतीच. पात्र होतं, दोन्ही अंगाला हिरवेगार डोंगर होते, काळ्या दगडांच्या मधून गुडघाभर पाणी निवांत चाललं होतं. पाऊस चार दिवस उघडला होता. पोरं एकमेकांकडं बघायला लागली, फसवलं की काय. जीपवाला म्हणाला, "पाणी सुटायचंय अजून."

मग कळलं. ही कुंडलिका नदी भिऱ्याच्या वीजघरावर चालते. घाटावर मुळशीला मुळा अडवलीय, ते पाणी डोंगराच्या पोटातून पश्चिमेला आणून खाली कोकणात भिऱ्याला टर्बाइनवर सोडतात. वीज झाली की पाणी रावळज्याच्या बंधाऱ्यात येतं आणि तिथून ठरल्या वेळी नदीत. म्हणून इथं उन्हाळ्यातसुद्धा राफ्टिंग होतं. भिऱ्याचं वीजघर १९२७ पासून आहे. त्याच्याआधी १९२१ ला मुळशीच्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांबरोबर सत्याग्रह केला होता, हे आम्हाला शाळेत एका ओळीत होतं. त्या ओळीतलं पाणी मी चाळीस वर्षांनी बघत होतो. वळवलं नसतं तर हे पाणी पुण्यावरून भीमेत आणि भीमेतून रायचूरकडं कृष्णेला मिळालं असतं. म्हणजे नात्यानं आमचंच, लांबच्या चुलत घरातलं. कोयनेचंही बरंचसं पाणी असंच पोफळीला उतरून वाशिष्ठीत जातं, आदल्या रात्री आम्ही त्याच्या डोक्यावरूनच आलो होतो.

वाट बघताना मी नकळत एका दगडावर नजर लावली. काठाजवळ, वर पांढरा डाग असलेला. पाणी त्याच्या पायाशी होतं. थोड्या वेळानं दगडाचा खालचा भाग ओला दिसायला लागला. मग बोटभर. मग शेजारचा छोटा दगड गेला. आवाज नंतर आला. आधी पाण्याचा रंग बदलला, कडेची वाळलेली पानं उलटी काठाकडं सरकली, आणि मग वरच्या वळणाकडून घरघर. पोरांनी शिट्ट्या मारल्या. "आलं, आलं!" माझ्या पोटात गोळा आला. पाणी आलं या शब्दांवर शिट्टी मारणारी माणसं मी पहिल्यांदा बघत होतो. पांढरा डाग बुडाला तेव्हा मी घड्याळ बघितलं. सवय.

आमचा गाइड नेपाळकडचा, पंचविशीतला पोरगा. आधी ऋषिकेशला होता म्हणे. हिंदी, मराठी आणि इंग्रजी हुकूम यांची मिसळ करून त्यानं सगळं समजावलं. नदीच्या कठीणपणाच्या पायऱ्या एक ते सहा, ही दोन-तीनमधली. राफ्टमध्ये बसायचं ते मध्ये नाही, कडेच्या फुगीर भागावर, आणि पाय आतल्या आडव्या फुग्याखाली खुपसून. वल्ह्याचं वरचं टोक मुठीतून सोडायचं नाही, नाहीतर शेजाऱ्याचे दात जातात. पाण्यात पडलात तर उभं राहायला जायचं नाही, दगडाच्या फटीत पाय अडकला की वरून पाणी माणसाला दाबून धरतं. उताणं पडायचं, पाय पुढं, चवडे वर, आणि वाहत राहायचं. हे शेवटचं त्यानं तीनदा म्हणून घेतलं, शाळेत पाढे म्हणून घेतात तसं.

लाइफ जॅकेटचे पट्टे त्यानं प्रत्येकाचे स्वतः ओढून बघितले. माझा आवळल्यावर मी तो आणखी एकदा ओढला. ८ ऑगस्ट २०१९ ला महापुरात ब्रह्मनाळला माणसं जास्त झालेली बोट उलटली, त्या दिवशी आम्ही मारुती चौकाजवळच्या घरात पहिल्या मजल्यावर अडकलो होतो.

ते लिहूनच टाकतो. दुकानात २००५ च्या पाण्याची रेघ मी मुद्दाम ठेवली होती, रंग देताना तेवढी पट्टी सोडायचो. २०१९ ला सगळा माल त्या रेघेच्या वर वीतभर अंतर ठेवून रचला आणि निर्धास्त झालो. २००५ ला पुलाला ५३ फुटांच्या वर होतं. यावेळी ५७ च्या वर गेलं. पाणी उतरल्यावर शटर उघडलं तर वह्या फळ्यांतून निघेनात. दोनशे पानी वही भिजून पावासारखी फुगते, अशा शेकडो फुगल्या आणि त्यांनी मांडणीच्या कडा फोडल्या होत्या. पहारीनं काढल्या. दुकान आजही कोरड्या दिवसांत उघडलं की पहिला श्वास मी थोडा राखूनच घेतो.

आणि ती बोट. एनडीआरएफची, रबराची, अशीच फुगवलेली. गॅलरीतून आईला उतरवलं. तिनं देव्हाऱ्यातला बाळकृष्ण पदरात बांधून घेतला होता आणि बोटीत बसेना, उभीच. "बैठ जाओ, अम्मा, बैठ जाओ," जवान ओरडत होता आणि आई मला विचारत होती, तो काय म्हणतोय. विजेच्या तारा हाताच्या अंतरावर. कुणाच्या तरी दुकानाची पाटी बोटीखालून घासत गेली. मी काय करत होतो? काही नाही. बोटीची दोरी धरून बसलो होतो, भाजीच्या पिशवीसारखा. पुराचं आठवतं तेव्हा नासलेल्या मालापेक्षा मला हेच आधी आठवतं, आणि हे मी हिलाही सांगितलेलं नाही.

काल राफ्टमध्ये बसलो आणि गाइडनं हातात वल्हं दिलं. "फॉरवर्ड!" आठ वल्ही, सुरुवातीला आठ दिशांना. एकमेकांवर आपटत. कृष्णेत आमच्याकडं होड्यांच्या शर्यती होतात, काठावरून मी सांगलीवाडीच्या पोरांना "ओढा, ओढा" म्हणत किती वेळा घसा बसवून घेतलाय. ओढणं काय असतं ते काल कळलं. वल्हं हातानं मारायचं नसतंच. कंबरेतून पुढं झुकायचं, पातं पूर्ण बुडवायचं, आणि सगळं अंग मागं न्यायचं. दुसऱ्या रॅपिडला, म्हणजे खळाळत्या उताराला, जमलं. आठही पाती एकदम पाण्यात गेली आणि ती जड राफ्ट कुणीतरी मागून ढकलल्यासारखी पुढं सरकली.

रॅपिड जवळ आला की आधी पाणी गुळगुळीत होतं, काचेसारखं, आणि पुढची नदी दिसेनाशी होते. नुसती एक कड आणि पलीकडून उडणारे तुषार. राफ्टचं नाक खाली जातं, समोर पाण्याची भिंत, ती छातीवर फुटते, तोंडात, नाकात, आणि तेवढ्यात मागून हुकूम, "फॉरवर्ड, रुको मत!" हातानं दोरी धरावीशी वाटते तेव्हाच वल्हं मारायचं असतं. थांबलं की राफ्ट आडवी होते.

चौथ्या की पाचव्या रॅपिडला माझ्यापुढं बसलेला भाचा दिसेनासा झाला. पडला असं दिसलंच नाही. एका क्षणी पाठ होती, दुसऱ्या क्षणी पाठ नव्हती. मग हेल्मेट वर आलं, माझ्याच बाजूला, डोळे एवढे मोठे. शहाण्यानं उताणं पडायचं सोडून राफ्टला मिठी मारली. गाइड मागून ओरडला, "काका, जाकिट पकडो!" खांद्यावरचे दोन्ही पट्टे धरले. आधी खाली दाबायचं, मग तो उसळून वर येतानाच ओढायचं, हे सांगितलेलं आठवलं. दाबलं, ओढलं, आणि मी राफ्टमध्ये उताणा, माझ्या छातीवर सत्तर किलोचा भाचा, खोकतोय आणि हसतोय. त्याचं पाणी माझ्या तोंडावर गळत होतं. ताईला हे सांगायचं नाही असं तिथंच ठरलं. (ताई हे वाचत नाही.) माझे दोन्ही हात त्याच्या पट्ट्यांवरून सुटेनात. त्यानंच एकेक बोट सोडवलं.

पुढं एका संथ पट्ट्यात ज्याला हवं त्याला पाण्यात उतरू दिलं. पोरं धपाधप उड्या मारून मोकळी. मी हळूच कडेवरून सरकलो. लहानपणी पाठीला डबा बांधून कृष्णेत पोहायला शिकलो, पण २०१९ नंतर नदीत उतरलो नव्हतो. उताणा पडलो, पाय पुढं, चवडे वर. कान पाण्याखाली गेले आणि वरचा सगळा गोंगाट बंद झाला. तळाशी बारीक किणकिण ऐकू येत होती, ओंजळीत कवड्या हलवाव्यात तशी. गाइडला नंतर विचारलं तर म्हणाला, छोटे पत्थर, काका, चलते रहते हैं. तळाचे खडे सरकत असतात. वर दोन्ही डोंगरांच्या मधून ढग चालले होते आणि मीही त्याच वेगानं चाललो होतो, म्हणून ते थांबल्यासारखे दिसत होते.

दोनेक तासांत बारा-तेरा किलोमीटर संपले. जेवण, तांदळाची भाकरी, परतीची गाडी. उलटा तोच रस्ता. या वेळी कोयनानगर कधी गेलं कळलं नाही, कराडला जाग आली.

आयर्विन पुलावर आलो तेव्हा उजाडायला आलं होतं. ड्रायव्हरनं न सांगता गाडी हळू केली, तोही इथलाच. सगळ्यांच्या माना एकदम डावीकडं वळल्या.

घरी हिनं दार उघडलं. माझ्याकडं, ओल्या बॅगेकडं, सोललेल्या तळहातांकडं बघितलं.

"पुलावरून आलात ना? किती आहे?"

"चौदा असेल."

"बरं," म्हणाली, आणि चहा ठेवायला आत गेली.