पाचव्या दिवसाची वाट पाहू नका: टोकियोतून कावासाकी आजाराबद्दल

इथे टोकियोत बाळाचा ताप दोन-तीन दिवसांत उतरला नाही की शेजारणी हमखास विचारतात, "कावासाकी तर नाही ना?" रक्तवाहिन्यांना सूज आणणारा हा लहान मुलांचा आजार जगात सर्वांत जास्त जपानमध्येच आढळतो. डॉ. तोमिसाकू कावासाकी यांनी याचा पहिला रुग्ण 1961 साली इथल्याच रेडक्रॉस रुग्णालयात पाहिला आणि 1967 मध्ये 50 मुलांची सविस्तर नोंद प्रसिद्ध केली. आजार भारतातही होतो, तोही बहुतेक पाच वर्षांखालच्या मुलांना. म्हणून हे तुमच्यासाठी लिहिते आहे.

आमच्या लेकाला झाला तेव्हा डॉक्टरांनी आधी त्याची बाही वर करून बीसीजीची (क्षयरोगाच्या लशीची) खूण पाहिली. ती लाल होऊन सुजली होती. आपल्याकडेही बीसीजी प्रत्येक बाळाला देतात, त्यामुळे तापात ही जागा कोणत्याही आईला पाहता येईल.

बाकीची लक्षणं अशी: दोन्ही डोळे लाल, पण चिपडं नाहीत. ओठ लालभडक, भेगाळलेले, जीभ स्ट्रॉबेरीसारखी. अंगावर पुरळ, हातापायांना सूज, मानेत गाठ. अडचण ही की सगळी एकाच वेळी दिसत नाहीत. सोमवारी आलेलं पुरळ बुधवारी डॉक्टरांसमोर जाईपर्यंत गेलेलं असतं. म्हणून रोज फोटो काढा, ताप तारखेनिशी लिहून ठेवा. बोटांची साल निघते ती दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात, तिच्यासाठी थांबू नका. सहा महिन्यांखालच्या बाळांत तर कधी कधी ताप आणि एखाद-दुसरं लक्षण एवढंच असतं, आणि धोका त्यांनाच जास्त.

पूर्वी निदानासाठी पाच दिवसांचा ताप मोजत. जपानने 2019 मध्ये निकष बदलले तेव्हा ही दिवसांची अट काढली. मला हा बदल फार मोलाचा वाटतो. "हाच तो आजार" असं सांगणारी एकच एक रक्ततपासणी नाही. सीआरपी (शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी), पांढऱ्या पेशी, यकृताच्या तपासण्या आणि हृदयाची एको (सोनोग्राफी) यांवरून डॉक्टर ठरवतात. गोवर आणि ॲडिनोव्हायरस या विषाणूचा तापही असेच दिसू शकतात.

घाई कशासाठी? या आजारात रक्तवाहिन्यांना सूज येते आणि हृदयाला रक्त पुरवणाऱ्या कोरोनरी धमन्या फुगू शकतात. उपचार न मिळाल्यास साधारण चारातल्या एका मुलात असं होतं. दहा दिवसांच्या आत इम्युनोग्लोब्युलिन (रक्तदात्यांच्या रक्तातून काढलेली प्रतिपिंडं) मिळालं तर हे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास येतं. ते शिरेतून, वजनाच्या दर किलोला 2 ग्रॅम, अर्धा दिवस थेंबथेंब देतात. जोडीला ॲस्पिरिन. काही मुलांचा ताप तरीही उतरत नाही. मग दुसरा डोस, स्टेरॉइड किंवा इन्फ्लिक्सिमॅब हे सूज रोखणारं औषध. इम्युनोग्लोब्युलिन महाग आहे, ते लगेच मिळेल असं मोठं रुग्णालय कुठे आहे, याची चौकशी आधीच करून ठेवलेली बरी.

घरी आल्यावर दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. ॲस्पिरिन चालू असताना फ्लू किंवा कांजिण्यांचा संसर्ग झाला तर लगेच डॉक्टरांना कळवायचं, आणि तापासाठी आयबुप्रोफेन मनाने द्यायचं नाही. शिवाय इम्युनोग्लोब्युलिननंतर गोवर आणि कांजिण्यांच्या लसी काही महिने पुढे ढकलतात; इथे किमान सहा. आमच्या लेकाच्या धमन्या एकोत ठीक दिसल्या आहेत. तरी इथल्या पद्धतीप्रमाणे तपासण्या पाच वर्षांपर्यंत होत राहतील.