लास वेगास, जुलै आणि पन्नासाव्या क्रमांकापल्याडचा एक खेळाडू

कॅलिफोर्नियातल्या अर्वाइनला ताईकडे उतरलो त्याच संध्याकाळी भाच्याने विचारलं, "मामा, समर लीग बघायला जायचं? तू असशील तर आई सोडेल." मी मुंबईत एका शाळेच्या मुलांना बास्केटबॉल शिकवतो. एनबीएत, म्हणजे अमेरिकेच्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमध्ये, नुकती निवड झालेली पोरं जिथे पहिल्यांदा खेळतात ती जागा बघायची इच्छा फार वर्षांची होती. नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता.

अर्वाइनहून लास वेगास साधारण सव्वाचारशे किलोमीटर. कॅहॉन पास चढून गेलं की हिरवं काही उरत नाही, नुसतं करडं-पिवळं वाळवंट. शुक्रवारी दुपारी या रस्त्याला लागू नये. अर्धं लॉस एंजेलिस त्याच वेळी त्याच दिशेला निघालेलं असतं आणि बार्स्टोपर्यंत गाड्या इंच इंच सरकतात. बेकर गावात 134 फूट उंचीचा थर्मामीटर उभा आहे. 1913 साली जवळच्या डेथ व्हॅलीत 134 अंश फॅरेनहाइट तापमान नोंदलं गेलं, त्याची ही उंची. आम्ही थांबलो तेव्हा त्यावर 111 होतं, म्हणजे आपले 44. विदर्भातल्या माणसाला आकडा नवा नाही, पण तिथली कोरडी हवा डोळ्यांतलं पाणीसुद्धा ठेवत नाही.

हॉटेलचं भाडं इंटरनेटवर स्वस्त दिसलं होतं. काउंटरवर त्यात "रिसॉर्ट फी" म्हणून दर रात्रीची वेगळी रक्कम चढली. पोहण्याच्या तलावाची, जिमची, वायफायची. यातलं आम्ही काहीच वापरणार नव्हतो, तरी ती चुकत नाही. त्या शहराबद्दल माझी सगळ्यात मोठी तक्रार हीच. स्ट्रिप या मुख्य रस्त्यावरचे दिवे, कारंजी वगैरे एका रात्रीत उरकलं.

आता समर लीग म्हणजे काय ते थोडक्यात. 2004 मध्ये सहा संघांवर ती इथे सुरू झाली. 2018 पासून एनबीएचे तिसही संघ येतात. सामने नेवाडा विद्यापीठाच्या आवारात होतात, एकमेकांना जोडलेल्या दोन इमारतींत: मोठं थॉमस अँड मॅक सेंटर आणि लहानसं कॉक्स पॅव्हिलियन. एका तिकिटात दोन्हीकडचे दिवसभराचे सामने बघता येतात. क्वार्टर, म्हणजे सामन्याचा पाव भाग, बाराऐवजी दहा मिनिटांचा. दहा फाऊल झाल्यावर खेळाडू बाहेर जातो, खऱ्या सामन्यात सहावर जातो. मैदानावर नवे ड्राफ्ट झालेले असतात (ड्राफ्ट म्हणजे संघांनी पाळीपाळीने दोन फेऱ्यांत साठ नवे खेळाडू निवडणं), दुसऱ्या वर्षाचे असतात, कुणीच न निवडलेले असतात, आणि युरोपात किंवा आशियात नोकरी मिळेल या आशेने आलेलेही असतात. बाकावर मुख्य कोच बहुधा नसतो, त्याचा सहायक असतो. मुख्य कोच, मॅनेजर, स्काउट ही मंडळी स्टॅंडमध्ये बसून बघतात.

थॉमस अँड मॅकमध्ये त्या दिवशी पहिल्या काही क्रमांकांतल्या एका पोराचा सामना होता. गर्दी म्हणजे काय विचारता! त्याने सराव करताना चेंडू रिंगेत कोंबला तरी ओरडा. चौथ्या क्वार्टरला त्याला बसवलं आणि पाच मिनिटांत निम्म्या खुर्च्या रिकाम्या. सामना अजून चालू होता, दोन संघांत तीन-चार गुणांचा फरक होता, आणि मैदानावर उरलेल्या दहा जणांसाठी ती मिनिटं आयुष्याची होती. लोक सेल्फी काढत दाराकडे निघालेले. मला त्याचा मनापासून राग आला. तिकीट काढलंय त्यांनी, कधीही उठायचा हक्क आहे, हे कळतं. तरी राग आला.

तिथून आम्ही जोडरस्त्याने कॉक्स पॅव्हिलियनमध्ये गेलो. खरी समर लीग तिथे आहे असं माझं ठाम मत झालं आहे. बसायच्या पायऱ्या मैदानाला इतक्या लगटून की बुटांची चिरचिर, कोचच्या शिव्या, खेळाडू एकमेकांना काय सांगताहेत, सगळं ऐकू येतं. नागपाड्याला मस्तान वाय.एम.सी.ए.च्या कोर्टाला चिकटून उभं राहून सामने बघितलेल्या माणसाला तिथे घरी आल्यासारखं वाटतं.

भाच्याने फोनवर संघांची यादी काढली. एका संघात दुसऱ्या फेरीत, पन्नाशीच्या पुढच्या क्रमांकावर निवडलेला एक फॉरवर्ड होता. त्याचं नाव इथे लिहीत नाही. विशीच्या आतबाहेरच्या पोराच्या नावाला एका सामन्यावरून बनवलेलं कुणाचंही मत कायमचं चिकटावं, हे मला पटत नाही. उंची साडेसहा फुटांच्या थोडी वर, खांदे अजून भरायचे आहेत, हात लांब.

दुसऱ्या क्वार्टरअखेर भाचा म्हणाला, "मामा, हा काही खास नाही. एक बास्केट, बाकी सगळं मिस."

आमच्या मागे बसलेले दोघे तर त्याला कधीच निकालात काढून मोकळे झाले होते. तो शॉट घ्यायला उभा राहिला की हसायचे.

मी भाच्याला म्हटलं, "उत्तरार्धात चेंडूकडे बघायचंच नाही. फक्त याच्याकडे बघायचं. याच्या पायांकडे." पोरगा कुरकुरला, पण बसला.

पुढची वीस मिनिटं मी इतकी मन लावून बघितली की नंतर मान दुखत होती. तिसऱ्या क्वार्टरच्या सुरुवातीचा एक प्रसंग सांगतो. चेंडू मैदानाच्या डाव्या बाजूला. समोरच्या संघाच्या उंच सेंटरने स्क्रीन लावली, म्हणजे बचाव करणाऱ्याच्या वाटेत आडवा उभा राहिला, आणि मग तो रिंगकडे धावला. आपला फॉरवर्ड उजव्या कोपऱ्यात, स्वतःच्या माणसाजवळ. तो दोन पावलं आत आला, धावत येणाऱ्या सेंटरच्या छातीला कोपरापुढचा हात टेकवला, त्याचा वेग तोडला आणि पास सुटायच्या आधीच परत कोपऱ्याकडे वळला. चेंडू कोपऱ्यात पोचला तेव्हा हा लहान लहान पावलं टाकत, हात वर करून तिथे हजर. समोरच्याने शॉट मारायचं सोंग केलं. हा उडाला नाही. चेंडू परत बाहेर गेला, शॉट घ्यायची चोवीस सेकंदांची मुदत संपत आली आणि कुणीतरी लांबून वेडावाकडा फेकला. स्कोअरशीटवर या सगळ्यातून त्याच्या नावावर काहीच लागलं नाही. हुकलेल्या शॉटचा रिबाउंडसुद्धा दुसऱ्याने घेतला.

असं त्याने पुनःपुन्हा केलं. त्याच्या आवाजाकडेही माझं लक्ष गेलं. "लेफ्ट, लेफ्ट," "आय गॉट यू," हे तो सतत बोलत होता आणि बोटाने दाखवत होता. समर लीगमधले संघ थोड्या दिवसांच्या सरावावर खेळतात, निम्म्यांना एकमेकांची नावं धड पाठ नसतात. तिथे बोलणारा पोरगा दुर्मीळ.

त्याला चेंडू मात्र मिळत नव्हता, आणि यात त्याचा दोष नाही. त्याच्याबरोबरचा प्रत्येक जण स्वतःच्या कराराच्या मागे. गार्डच्या हातात चेंडू आला की तो आधी स्वतःचं बघणार. पहिल्या फेरीतल्या खेळाडूला ठरलेल्या पगाराचा, पहिल्या दोन वर्षांच्या हमीचा करार मिळतो. दुसऱ्या फेरीतल्याला हमी कशाचीच नसते. त्यामुळे समर लीगमधल्या गुणांवरून उशिरा निवडलेल्या खेळाडूला तोलणं मला मुळातच चुकीचं वाटतं. तो एनबीएत गेलाच तर त्याच्या वाट्याला काय येणार आहे? दहा-बारा मिनिटं, कोपऱ्यात उभं राहणं, चांगल्या माणसाला अडवणं, मोकळा शॉट घालणं. त्याला तेवढ्याच कामात तपासलं पाहिजे.

शॉटचं बोलायचं तर पडले कमी, पण हुकले ते बहुतेक लांबीला चुकले, डावी-उजवीकडे नाही. पाय दर वेळी सारखे, कोपर सारखा, चेंडू सुटायची जागा सारखी. फ्री थ्रो दोन मिळाले, दोन्ही जाळीला हलकेच लागून गेले. फ्री थ्रोचा हात चांगला असला की लांबचा शॉट पुढे सुधारण्याची आशा धरता येते, हे स्काउट मंडळीही मानतात. उणीवही सांगतो. उजव्या हाताशिवाय त्याला ड्रिबल करता येत नाही. डावीकडे ढकललं की चेंडू गेलाच. दोनदा गेला. दुसऱ्या खेपेला चेंडू घालवल्यावर तो रेफरीकडे बघत हात पसरून उभा राहिला नाही. मान खाली घालून असा धावला की समोरच्याचा रिंगेखालचा सोपा शॉट, ले-अप, मागून येऊन बोटांच्या टोकांनी बोर्डावर दाबला. तेव्हा मी उभा राहून ओरडलो. मागचे दोघे फोनमध्ये होते.

"मामा, तो ब्लॉक!" भाचा.

"ब्लॉक सोड. त्याआधी तो किती धावला ते बघितलंस का?"

"बघितलं ना."

सामना संपला तेव्हा स्क्रीनवर त्याच्या नावापुढे चार गुण होते.

रात्री जेवताना भाच्याला 2015 चा उन्हाळा सांगितला. त्या वर्षी पंजाबातल्या बल्लोके गावचा सतनाम सिंग 52व्या क्रमांकावर डॅलसने निवडला. भारतात जन्मलेला, एनबीए ड्राफ्टमध्ये निवड झालेला पहिला खेळाडू. सात फूट दोन इंच, वय 19. याच वेगासच्या समर लीगमध्ये तो खेळला, आणि आमच्या शाळेच्या कोर्टावर पोरं त्याचंच नाव घेत होती. मी त्याच्या सामन्यांच्या क्लिपा बघितल्या, तेव्हा ताकद दिसत होती आणि पाय मागे पडताना दिसत होते. समोरचा सेंटर बाहेर आला की त्याला पोचायला अर्ध्या सेकंदाचा उशीर व्हायचा. तो पुढे खालच्या लीगमधल्या टेक्सास लेजंड्स संघाकडून खेळला, एनबीएचा खरा सामना त्याच्या वाट्याला आला नाही. पुढे तो अमेरिकेतल्या प्रो रेसलिंगकडे वळला. मला अजून वाईट वाटतं. त्याचं कौतुक झालं उंचीचं, आणि शिकायला हवे होते पाय. एवढ्या उंच पोराला ती पावलं बारा-तेराव्या वर्षी शिकवणारं कुणी आपल्याकडे असतं तर, हा विचार मला सोडत नाही.

त्याच उन्हाळ्यात वेगासलाच डेन्व्हरचा एक गुबगुबीत सर्बियन पोरगा खेळत होता, निकोला योकिच. 2014 च्या ड्राफ्टमध्ये 41वा. त्याचं नाव पुकारलं गेलं तेव्हा अमेरिकन टीव्हीवर टाको बेलची जाहिरात चालू होती. तोही उडायचा नाही, धावायला हळू. पण चेंडू हातात यायच्या आधी पुढचा पास त्याला दिसायचा. पुढे तीन वेळा एमव्हीपी, म्हणजे हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू, 2023 मध्ये विजेतेपद. 2015 च्या वेगास समर लीगचा सर्वोत्तम खेळाडू मात्र दुसराच ठरला होता, काइल अँडरसन.

उलटी उदाहरणंही आहेत. 2011 मध्ये 49व्या क्रमांकावर निवडलेला जॉश सेल्बी 2012 च्या समर लीगमध्ये सुटला होता. डेमियन लिलार्डबरोबर त्याला सर्वोत्तम खेळाडूचा मान विभागून मिळाला. लिलार्ड त्या हंगामात सर्वोत्तम नवोदित ठरला. सेल्बी 2013 नंतर एनबीएत दिसला नाही. 2014 चा मानकरी ग्लेन राइस ज्युनियर, 35वा, तोही टिकला नाही. एका वर्षाचा अनुभव गाठीशी असलेला खेळाडू नवख्यांसमोर गुणांची रास लावतो, त्यात नवल काय? समोरचे बचावाला वेळेवर पोचतच नाहीत. खऱ्या लीगमध्ये पोचतात.

"मग तुझ्या पोराचं काय?" भाच्याने विचारलं. तोवर तो "माझा पोरगा" झाला होता.

दुसऱ्या दिवशी त्या संघाचा सामना पुन्हा होता. लागोपाठ दोन दिवस खेळणं म्हणजे थकलेल्या पायांची परीक्षा, म्हणून मुद्दाम गेलो, आणि या खेपेला भाचाच आधी जागा धरून बसला. पोराने पहिल्या पाच मिनिटांत दोन थ्री पॉइंटर घातले. भाचा खूश. मी चौथ्या क्वार्टरची वाट बघत होतो. शेवटच्या चार मिनिटांत त्याची छोटी पावलं मोठी झाली, कोपऱ्यात पोचायला उशीर झाला, दोन बास्केट त्याच्यासमोरून गेल्या. बोलणं मात्र थांबलं नव्हतं. दम नसताना बोलत होता.

म्हणून माझं मत असं. हा पोरगा पहिल्या वर्षी टू-वे करारावर जावा. प्रत्येक संघाला असे तीन करार देता येतात, खेळाडू जी-लीगमध्ये, म्हणजे एनबीएच्या खालच्या लीगमध्ये, खेळतो आणि मोठ्या संघासाठी 50 सामन्यांपर्यंत तयार असतो. त्याला सध्या तेच हवंय: रोज खूप मिनिटं आणि डाव्या हाताचं काम. पायांत ताकद भरली आणि कोपऱ्यातला शॉट शंभरात छत्तीस-सदतीस पडायला लागला, तर तिसऱ्या वर्षी तो एखाद्या चांगल्या संघात आठवा-नववा खेळाडू असेल. शॉट नाही पडला तर बचाव एकटा त्याला तारणार नाही, हल्ली समोरचे संघ अशा माणसाला मोकळा सोडून देतात. तारा तो होणार नाही. टिकेल असं मला वाटतं, आणि साठातल्या पन्नाशीपुढच्यासाठी टिकणं हीच केवढी मोठी गोष्ट आहे.

परतीच्या वाटेवर आम्ही बेकरला थांबलो नाही. भाचा अर्धा रस्ता विचारत होता की बचावात आत यायची ती दोन पावलं नेमकी कधी टाकायची, चेंडू सुटल्यावर की सुटायच्या आधी. आधी, म्हटलं, आणि बार्स्टोपर्यंत ते समजावत राहिलो.