मु. पो. नवापूर

आमच्या माजघरात खुंटीला एक तार टांगलेली असे. तिच्या तळाशी लाकडी चकती होती आणि वरच्या टोकाला आकडा. आलेले पत्र वाचून झाले की ते त्या तारेत ओवायचे, असा आजोबांचा नियम होता. कोपरा फाडलेले, म्हणजे कोणी गेल्याची वार्ता आणणारे कार्ड मात्र घरात ठेवायचे नाही, दाराशीच वाचून फाडून टाकायचे. त्यामुळे ही तार वाचणाऱ्याला आमच्या नात्यागोत्यात कधी कोणी वारलेच नाही असे वाटेल. गेल्या दिवाळीत घर आवरताना ती खाली काढली आणि मजकूर सोडून केवळ पत्ते वाचत बसलो. आमच्या गावच्या पोस्टाचा इतिहास कोणी लिहिलेला माझ्या पाहण्यात नाही, पण त्याचा बराचसा भाग या तारेवर तळापासून वरपर्यंत ओवलेला निघाला.

सर्वांत तळाच्या कार्डांवर ‘नवापूर, जि. पश्चिम खानदेश’ असा पत्ता आहे. 1906 साली इंग्रजांनी खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे केले, त्यातला हा पश्चिम. 1960 साली महाराष्ट्र राज्य झाले, त्या सुमारास जिल्ह्याचे ‘धुळे’ झाले आणि 1 जुलै 1998 रोजी धुळ्यातून नंदुरबार वेगळा निघाला. गाव जागचे हलले नाही, तरी तीन जिल्हे त्याच्या पत्त्यावरून गेले. पत्त्यातले ‘मु. पो.’ मात्र प्रत्येक कार्डावर तसेच आहे. या दोन अक्षरांचे मोल मला उशिरा कळले. आसपासच्या पाड्यांवरच्या माणसांना ‘मु.’ एक आणि ‘पो.’ दुसरे असे लिहावे लागे, कारण मुक्काम त्यांचा असला तरी पोस्ट दुसऱ्या गावचे असे. दोन्ही एकाच गावाचे असणे हा एक मानच होता, आणि आजोबा तो जरा ठसठशीत अक्षरांत लिहीत.

मधल्या थरात सुरतेची पत्रे आहेत. सुरतेहून भुसावळकडे येणारी ताप्ती खोऱ्याची रेल्वे आमच्या गावावरून जाते आणि खानदेशातली किती घरे सुरतेच्या गिरण्यांवर व यंत्रमागांवर जगली, ते पोस्टमनइतके कोणाला ठाऊक नसेल. मनीऑर्डरची पद्धत 1880 पासूनची. शेजारच्या आजींना त्यांच्या मुलाची मनीऑर्डर येई तेव्हा पोस्टमन ओट्यावर बसून पैसे मोजून देई, त्यांचा अंगठा जांभळ्या शाईत बुडवून फॉर्मवर उमटवून घेई आणि मग फॉर्मच्या तळाची मजकुराची चिठ्ठी मोठ्याने वाचून दाखवी. आजी पैसे लगेच कनवटीला लावत, पण चिठ्ठी दोनदा वाचायला सांगत. त्या इवल्याशा जागेत ‘आखाजीला येतो’, म्हणजे अक्षय्य तृतीयेला येतो, एवढेच असे. तो शब्द ऐकून अंगठ्याची शाई पुसायचे त्यांना भान राहत नसे आणि दिवसभर लुगड्याच्या पदरावर जांभळे ठसे उमटत राहत.

राज्यांची वाटणी झाली तेव्हा सीमारेषा आमच्या रेल्वे स्थानकातूनच गेली. तिकीटखिडकी महाराष्ट्रात आणि स्टेशनमास्तरांची कचेरी गुजरातेत, अशी ही मौज आहे. पुढे 15 ऑगस्ट 1972 रोजी पिनकोड सुरू झाला. तो योजणारे श्रीराम भिकाजी वेलणकर संस्कृतचे कवी होते, ही गोष्ट मला फार आवडते. त्यांच्या रचनेत पहिला अंक टपालविभागाचा असल्यामुळे आमचा पत्ता 4ने सुरू होतो आणि त्याच फलाटाच्या दुसऱ्या टोकापलीकडचे उच्छल 3ने.

आमचा पिनकोड 425418. खानदेशातले पिनकोड मी एकदा वहीत मांडून पाहिले. पहिले तीन अंक जिल्ह्याप्रमाणे असतील अशी माझी समजूत होती, पण तसे नाही. चाळीसगाव आणि पाचोरा जळगाव जिल्ह्यात असूनही धुळ्याबरोबर 424मध्ये आहेत, आणि धुळे जिल्ह्यातले दोंडाईचा व शिंदखेडा जळगाव, अमळनेर, नंदुरबार यांच्या बरोबरीने 425मध्ये. नकाशावर बोट फिरवले तेव्हा उलगडा झाल्यासारखे वाटले. धुळ्याची रेल्वे चाळीसगावला जाते आणि दोंडाईचा, शिंदखेडा आमच्याच ताप्ती खोऱ्याच्या मार्गावर आहेत. टपालाच्या थैल्या आगगाडीने येत, तेव्हा हे अंक कलेक्टर कचेरीपेक्षा रुळांचे ऐकत असावेत, असा माझा आपला तर्क आहे.

सुरतेच्या मामांनी जिल्ह्याचे नवे नाव अखेरपर्यंत मानले नाही. तारेच्या अगदी वरच्या टोकाला त्यांची कार्डे आहेत. 1998 नंतरचीही सगळी ‘जि. धुळे’च्या पत्त्याने आली आहेत आणि पिनकोडच्या बळावर एकही चुकलेले नाही. त्यातल्या एका कार्डावर ‘धुळे’ या शब्दावर निळ्या पेन्सिलीने हलकी रेघ मारून कोणीतरी ‘नंदुरबार’ लिहिले आहे. ते अक्षर मामांचे नाही, आमच्या घरातल्या कोणाचेही नाही. त्याच्या पुढच्या महिन्याच्या कार्डावर मामांनी पुन्हा ‘धुळे’ लिहिले आहे आणि त्यावर पुन्हा तीच निळी रेघ आहे.