तुम्ही विचारलंत म्हणून: दिवसा लाईट नको का तुम्हाला?

आमच्या गायरानावर, म्हणजे गावच्या चराऊ रानावर, सोलर प्रकल्प यायचाय आणि मी विरोधात आहे. तेव्हापासून लग्नात, एसटीत, पुण्याच्या पाहुण्यांकडे, तालुक्याच्या टपरीवर, सगळीकडे तोच प्रश्न. "सोलरला विरोध कशाला करता? दिवसा लाईट नको का तुम्हाला?"

पाहिजे ना. शेतीच्या फीडरला, म्हणजे शेतीच्या वेगळ्या लाईनला, एका पाळीत दिवसा ८ तास, दुसऱ्या पाळीत रात्री १० तास. थंडीत रात्री बॅटरी तोंडात धरून ज्यानं पिकाला पाणी देत दारं धरलीत, त्याला मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनीचे, म्हणजे सोलरवर शेतीला दिवसा लाईट द्यायच्या सरकारी योजनेचे, फायदे समजावून सांगू नका.

आमचं भांडण पॅनेलशी नाही, जागेशी आहे. खाजगी रान घेतलं तर हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार भाडं आणि दरसाल ३ टक्के वाढ. गायरान घेतलं तर नाममात्र. मग जागा बघणारा कुठं बघणार? एका मेगावॉटला चार-पाच एकर धरा, आणि ते सगळं तारेच्या कुंपणाच्या आत. "पडीकच तर आहे," म्हणतात. ज्याच्या नावावर सातबारा नाही, त्याच्या शेळ्या त्याच पडीकावर जगतात. काही दलित घरं तिथं बापजाद्यापासून ज्वारी पेरतात. १४ एप्रिल १९९० आधीची अशी अतिक्रमणं नियमित करायचा १९९१ चा शासन निर्णय आहे, पण त्यांच्या हातात अजून कागद नाही. कागद नाही म्हणून भाडंही नाही. ग्रामपंचायतीला मात्र वर्षाला ५ लाख, तीन वर्षं. त्यातून पेव्हर ब्लॉक बसतील. शेळी पेव्हर ब्लॉक खात नाही.

इथवर मी कुठंही, कुणाशीही भांडू शकतो. ग्रामसभेतही भांडत होतो.

मारुतीच्या पारासमोर सतरंज्या टाकलेल्या. ग्रामसेवक गायरान सोलरला द्यायच्या ना-हरकतीचा ठराव वाचून दाखवत होते, वीज कंपनीचे साहेब खुर्चीवर. मी गायरानाचा उतारा हातात घेऊन उभा राहिलो. बरं बोलत होतो. पोरं टाळ्या वाजवत होती. तेवढ्यात बायकांच्या बाजूनं आवाज आला, "भावजी, एक विचारू का?"

माझ्या चुलतभावाची बायको. भाऊ गव्हाला पाणी द्यायला रात्री गेला होता. मोटर चालू करून वाफ्यात उतरला आणि पायाला घोणस लागली. बांधावरून गाडीपर्यंत उचलून नेणाऱ्यांत मी होतो. तालुक्याला पोचेपर्यंत पाय मांडीपर्यंत सुजला होता आणि हिरड्यांतून रक्त येत होतं. जिल्ह्याला न्या म्हणाले. नेलं. तिथून तो परत आला नाही.

"तुमच्या भावाला कधी चावलं तेवढं या साहेबाला सांगा. दिवसा का रात्री?"

मी म्हणालो, "वहिनी, लाईटला विरोध नाही. जागा दुसरी बघा म्हणतोय."

"मग तुमची द्या."

कुणीतरी हसलं. माझं रान विजेच्या उपकेंद्राला लागून आहे, सोलरला सोयीचं, हे सगळ्या गावाला ठाऊक. मी म्हणालो, बागायत आहे, विहीर आहे, ऊस उभा आहे. सगळं खरं होतं आणि सगळं पोकळ ऐकू येत होतं. ती पदर सारखा करत खाली बसली. साहेब मोबाईल बघत होते. त्या दिवशी ठराव झाला नाही, आणि तो मी अडवला असं गाव म्हणतं.

आता तुम्ही म्हणाल, मग दे की जमीन. का देऊ? शाळेच्या मागची सरकारी पडीक जागा कुणी मोजली का? मोठ्या बागायतदारांना कुणी विचारलं का? गरिबाच्या शेळ्या आणि विधवेची भाकरी समोरासमोर उभी करायची आणि मधे मला धरायचं, हा कुठला न्याय? हे मी चिडून लिहितोय. पण वहिनी शेळ्यांवर जगत नाही, ती आता स्वतः रात्री मोटर चालू करायला जाते, हेही मला माहीत आहे.

"दिवसा वीज द्या" म्हणत रास्ता रोकोला हायवेवर बसलेला मीच होतो. माझ्यातला तेव्हाचा तो पोरगा मला विचारतो, वीज दारात आली तर तूच आडवा का? मी त्याला विचारतो, आपण घोषणा देत होतो तेव्हा ती कुणाच्या रानात उगवणार, हे एकदा तरी बोललो होतो का? दोघांनाही उत्तर देता येत नाही.

ठराव पुन्हा येणार आहे. मी विरोधातच हात वर करणार. वहिनी कुठं बसलीय ते आधी बघून करणार.