आमची वाटचाल : वाणाआधी पेरणीची तारीख

सिल्लोड तालुक्यात आमचं कृषी सेवा केंद्र सुरू झालं तेव्हा काउंटरवर एकच प्रश्न असायचा, "यंदा मक्याचं कोणतं वाण जोरात आहे?" आज आमच्याकडे आलेल्या शेतकऱ्याला आम्हीच आधी विचारतो, "दादा, पेरणी कधी करताय?"

हा बदल घडवला आमच्या वहीनं. बियाण्याच्या प्रत्येक बॅगेपुढे गाव, जमीन, पेरणीची तारीख आणि काढणीनंतरचा उतारा आम्ही लिहीत गेलो. एकाच लॉटचं बियाणं. एकानं जूनमध्ये पहिल्या चांगल्या वाफशावर, म्हणजे पावसानंतर जमिनीत पेरणीजोगी ओल असताना टोकलं, दुसऱ्यानं जुलै सरता सरता. पहिल्याचं कणीस सोललं तर दाणा शेंड्यापर्यंत गच्च, दुसऱ्याचा शेंडा मोकळा. दोष वाणाचा नव्हता.

शंभर-एकशे दहा दिवसांचं वाण खरिपात लवकरच पडायला हवं. उशीर झाला की सगळ्यात जास्त फटका त्यालाच बसतो. पाऊस लांबला की आम्ही ऐंशी-नव्वद दिवसांचं वाण देतो आणि ७५ ऐवजी ६० सेंमीवर ओळी धरायला सांगतो, कारण झाड आटोपशीर राहतं. लांब मुदतीचं वाण तेव्हा मागितलं तरी देत नाही. गिऱ्हाईक दुसरीकडे गेलं तरी चालेल, पण त्याचा हंगाम वाया जाऊ नये, असं मनापासून वाटतं. त्यात २०१८ पासून अमेरिकन लष्करी अळी आली. आजूबाजूचा मका मोठा झालेला असताना उशिरा पेरलेल्या मक्याच्या कोवळ्या पोंग्यावर, म्हणजे शेंड्यातल्या गुंडाळलेल्या पानांवर ती तुटून पडते.

रब्बीत मात्र लांब मुदतीच्या वाणाचं खरं सोनं होतं. ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत पेरलं तर थंडीमुळे पीक दिवस जास्त घेतं, ऊन स्वच्छ मिळतं, पाणी आपल्या हातात असतं. म्हणून या बियाण्याचा साठा आम्ही दसऱ्याआधीच भरून ठेवतो.

उन्हाळी मक्याला जानेवारी-फेब्रुवारी गाठायलाच हवा. त्यापुढे गेलं की तुरा ऐन एप्रिल-मेच्या उन्हात येतो. पारा चाळिशीला टेकला की पराग वाळतात, कणसाचे केस सुकतात आणि दाणे विरळ भरतात. मार्चमध्ये कुणी धान्यासाठी बियाणं मागितलं तर आम्ही त्याच्या गोठ्यात जनावरं किती ते विचारतो आणि आफ्रिकन टॉल हे चाऱ्याच्या मक्याचं वाण हातात देतो.