शेवाळ स्क्रबर: शेवटी स्क्रीन हिरवी झाली, केवड्याचं कोडं सुटलं

झालं एकदाचं! काल रात्री माशांच्या टाकीवरच्या स्क्रबरची स्क्रीन (ज्या जाळीवरून टाकीचं पाणी वाहतं आणि उजेडात शेवाळ वाढवून पाण्यातलं नायट्रेट काढतात ती) काढली तर वरपासून खालपर्यंत हिरवीगार. केसासारखं लांब शेवाळ, बोटानं ओढलं तर जरा ताण देऊन मग सुटणारं, आणि पिळून वजन केलं तर १४० ग्रॅम. सात आठवडे त्या पिवळ्या रबरी चामड्याकडं बघून वैताग आला होता, त्यामुळं काल रात्री साडेअकराला मी घरातल्या सगळ्यांना उठवून ती जाळी दाखवली. टाकीतलं नायट्रेट (माशांच्या घाणीतून साचणारं) पण ६० वरून २० वर आलंय, एपीआयच्या पाणी तपासायच्या किटवर दोनदा तपासलं.

सेटअप तोच आहे, ४ फुटी टाकी, मबुना (आफ्रिकेतल्या मलावी तळ्यातले मासे), टाकीच्या डोक्यावर धबधबा टाईप स्क्रबर, ६ बाय ६ इंचाची स्क्रीन दोन्ही बाजूंनी उजेड, पाणी तासाला साधारण ८०० लिटर. स्क्रीनची जाळी तीच, आमच्या लातूरच्या बाजारातल्या, गंजगोलाईतल्या लोकरीच्या दुकानातून आणलेली, बायका रुखवतातल्या तोरणाला वापरतात ती प्लास्टिकची जाळी, हॅक्सॉच्या पात्यानं खरवडून खरवडून काटेरी केलेली. गोड्या पाण्यात शेवाळाची पकड आधीच कमी असते, त्यामुळं खरवडण्यात कंजूषी करू नका, मी एका बाजूला पाऊण तास लावलाय.

आणि हे सगळं कशासाठी ते नवीन लोकांना परत एकदा सांगतो. लातूरला दर आठवड्याला टाकीचं पाव पाणी बदलायचं म्हणजे चार घागरी पाणी ओतून द्यायचं. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेलं बघितलंय आम्ही, तेव्हापासून चांगलं पाणी मोरीत जाताना जीवावर येतं. त्यात आमच्या बोअरच्या पाण्यातच नायट्रेट आहे, मग बदलून तरी काय मिळणार. जड पाणी, पीएच ८.२, मबुनाला हे पाणी मानवतं, फक्त नायट्रेट बाहेर काढायला काहीतरी पाहिजे आणि ते काम शेवाळ करतं.

आता मूळ मुद्दा, लाईट.

मागच्या अपडेटमध्ये सांगितलं होतं की सुरुवातीला लाल एलईडीची स्ट्रिप लावली होती, ६३० नॅनोमीटर तरंगलांबीची, ती बदलून ६६० नॅनोमीटरचे डीप रेड (गडद लाल) स्टार, म्हणजे चांदणीच्या आकाराच्या प्लेटवरचे सुटे एलईडी घेतले, एका बाजूला ६ लाल आणि २ रॉयल ब्लू. निळे दोन एकमेकांना पॅरलल जोडून मग लालच्या सिरीजमध्ये घातले, म्हणजे प्रत्येक निळ्याला अर्धाच करंट जातो. ड्रायव्हर (एलईडीला ठरलेला करंट देणारा डबा) ६०० मिलीॲम्पचा. इथं एक गोष्ट लक्षात ठेवा, ड्रायव्हरवर ६-१०×३ वॉट (म्हणजे तीन वॉटचे ६ ते १० एलईडी) लिहिलेलं असतं तो हिशेब पांढऱ्या एलईडीचा असतो, पांढरा तीन-सव्वातीन व्होल्ट खातो, डीप रेड सव्वादोनच्या आसपास. माझी पूर्ण सिरीज १६-१७ व्होल्टची झाली आणि ६-१० वाला ड्रायव्हर १८ च्या खाली चालत नाही, लाईट लुकलुकायला लागली. ४-७ वाला लावला, गप झाली. आणि त्याच कारणानं तीन वॉटचा म्हणून घेतलेला लाल स्टार खरं तर सव्वा ते दीड वॉटच ओढतो, हिशेब करताना तीन धरू नका.

तर हे स्टार पेटवले आणि पहिल्याच संध्याकाळी मन खट्टू झालं. इतका मंद उजेड! जुनी स्ट्रिप डोळ्यात खुपायची आणि हे महागाचे स्टार म्हणजे देवघरातल्या झिरोच्या बल्बसारखे. मला वाटलं उजेड कमी पडतोय, म्हणून टायमर ९ तासांवरून १६ तासांवर नेला आणि वरून ६० डिग्रीच्या लेन्स बसवल्या, की जेवढा आहे तेवढा उजेड तरी स्क्रीनवरच पडावा. तीन आठवड्यांत मधोमध पिवळी रबरी साल आणि निळ्यांच्या समोर तर जाळी कोरी पांढरी, शेवाळ धरतच नव्हतं, आणि कडेला काळपट चिकट थर.

आबा गावाकडून आले होते, त्यांनी स्क्रीन बघितली आणि म्हणाले, "काय करायलास रे हे? याच्यावर तर केवडा पडलाय." आमच्याकडं चुनखडीच्या जमिनीत उसावर केवडा पडतो, पानं पिवळी होतात, लोह जमिनीत असतं पण पिकाला मिळत नाही. मला ते एकदम पटलं, कारण शेवाळ पिवळं पडलं की लोह कमी असू शकतं हे आपल्या स्क्रबरवाल्यांतही सगळे सांगतात. दुसऱ्या दिवशी कृषी सेवा केंद्रातून चिलेटेड लोह (विरघळलेलं राहावं म्हणून दुसऱ्या रसायनात बांधलेलं) आणलं, ईडीटीएचं, आणि दोन आठवडे थोडं थोडं टाकलं. काही फरक नाही. मग लक्षात आलं की ईडीटीएचं लोह इतक्या अल्कलीन पाण्यात टिकतच नाही, ८ च्या वरच्या पीएचला ईडीडीएचए या रसायनातलं लोह पाहिजे, ते लालभडक असतं, पाणी पण गुलाबी होतं. तेही आणलं, दहा दिवस टाकलं. पिवळं ते पिवळंच. आबांचं निदान चुकलं असं मी म्हणणार नाही, लक्षण तेच होतं, कारण दुसरं निघालं.

मग सगळा संशय एलईडीवर गेला. एवढा मंद म्हणजे ६६० म्हणून भलतंच काहीतरी पाठवलंय. विक्रेत्याला रागात दोन मेसेज टाकले, आणि तपासायचं ठरवलं. तरंगलांबी मोजायचा स्पेक्ट्रोमीटर कुठून आणणार, पण जुनी सीडी आहे की. सीडीच्या लेबलचा थर चिकटपट्टीनं ओरबाडून काढला की ती पारदर्शक होते आणि तिच्यावरच्या खाचा १.६ मायक्रॉन अंतरावर असतात, त्यामुळं ती प्रकाशाचे रंग ठरलेल्या कोनात वळवते. खोलीत अंधार केला, पुठ्ठ्याला बारीक उभी फट पाडून वरच्या अर्ध्यात जुनी स्ट्रिप आणि खालच्या अर्ध्यात नवीन स्टार ठेवला, बरोबर १ मीटरवरून सीडी डोळ्याजवळ सरळ धरून बघितलं, आणि फटीच्या बाजूला मीटरपट्टी आडवी लावून धाकट्या भावाला बोट सरकवायला सांगितलं. हिशेबानं ६३० चा पट्टा ४२.८ सेंटीमीटरवर दिसायला पाहिजे आणि ६६० चा ४५.३ वर. स्ट्रिपचा ४३ ला आला, स्टारचा ४५ च्या जरा पुढं. पट्टे रुंद असतात, मध्य धरावा लागतो, पण दोन्ही एकावर एक असल्यामुळं फरक स्वच्छ दिसतो. माल खरा होता! विक्रेत्याला त्याच रात्री माफीचा मेसेज केला, फोन पण केला.

आणि तिथंच मंदपणाचं कारण कळलं. आपल्या डोळ्याला ६६० फारच मंद दिसतो. सारख्याच ताकदीचे ६३० आणि ६६० घेतले तर ६३० आपल्याला चौपटीपेक्षा जास्त प्रखर वाटतो. शेवाळाच्या क्लोरोफिलला मात्र ६६० लय आवडतो. म्हणजे लाईट मंद नव्हती, माझा डोळा तिला मोजायला कामाचा नव्हता, आणि मोबाईलमधलं उजेड मोजायचं लक्स मीटर पण डोळ्याच्याच हिशेबानं बनवलेलं असतं, त्यामुळं तेही इथं फसवतं. मी मंद समजून १६ तास आणि लेन्स लावून नवीन स्क्रीनला भाजत होतो.

हे पटायला पुरावा मिळाला तो आमच्या बोअरच्या पाण्यातूनच. स्क्रीन आणि लाईटच्या मध्ये शिंतोडे अडवायला ॲक्रिलिक आहे, त्यावर क्षार साचून पांढरा थर बसतो. उजव्या बाजूचा खालचा कोपरा माझ्याकडून दोन-तीन वेळा पुसायचा राहिला होता. स्क्रीनवर नेमक्या त्याच कोपऱ्यासमोर तळहाताएवढा हिरवागार तुकडा! बाकी सगळं पिवळं. मी ते बघून पाच मिनिटं तसाच उभा राहिलो. जिथं क्षारानं उजेड पसरवला आणि कमी केला तिथं शेवाळ खूश होतं.

त्याच रात्री लेन्स काढल्या, ॲक्रिलिकला २२० नंबरच्या पॉलिश पेपरनं घासून दुधी केलं, टायमर परत ९ तासांवर. वॉट तेवढेच ठेवले, दोन्ही बाजू मिळून १९-२० खरे वॉट, म्हणजे ३६ चौरस इंचाला आपल्या स्क्रबरवाल्यांत जो चौरस इंचाला अर्धा वॉट धरतात त्याच्या जवळपास. वॉट आधीपण बरोबर होते, ते सगळे मधोमध ओतले जात होते. पाच दिवसांत पिवळी साल सुटून गळून पडली, दहाव्या दिवशी हिरवी लव, आणि काल एकविसाव्या दिवशी १४० ग्रॅम. त्यातलं मूठभर येलो लॅबना (माझ्या मबुनातले पिवळे मासे) टाकलं, तुटून पडले. बाकीचं कढीपत्त्याच्या कुंडीत.

ज्यांनी मला विचारलं होतं की सरळ तयार ग्रो लाईट (झाडं वाढवायची लाईट) घ्यावी का, त्यांच्यासाठी. लाल-निळा जांभळा दिसणारा स्क्रूवाला बल्ब मी पण घेऊन बघितला, खोक्यावर ५० वॉट आणि मीटरवर १२. खऱ्या वॉटचा आकडा मिळत असेल आणि पांढऱ्यात ६६० चे वेगळे दाणे असतील तर फुल स्पेक्ट्रम बोर्ड चांगला, बघायला पण बरा. नुसती ३००० केल्विनची वॉर्म व्हाईट फ्लडलाईट सुद्धा शेवाळ वाढवते, पूर्वी लोक २७०० केल्विनच्या सीएफएलवर करायचेच की. पण ती ड्रायव्हर नसलेली स्वस्त फ्लडलाईट पाण्याजवळ आणू नका, तिच्यात थेट मेनचा करंट एलईडीच्या प्लेटवर असतो. आणि टाकीच्या लाईनला ३० मिलीॲम्पचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) नसेल तर आधी तो बसवा, मग स्क्रबर.

पुढचा प्लॅन निळे वाढवायचा होता, तो रद्द. आत्ता हे लिहिता लिहिता दुसरंच सुचलं. दुधी केलेली बाजू मी पाण्याकडं ठेवलीय, आणि खरखरीत पृष्ठभागावर क्षार आणखी घट्ट बसणार, म्हणजे दर आठवड्याला उजेड नकळत कमी होत जाणार. ती बाजू एलईडीकडं फिरवली पाहिजे, गुळगुळीत बाजू पाण्याकडं, आणि दर हार्वेस्टला (शेवाळ काढताना) लिंबूसत्वाच्या पाण्यानं पुसून घ्यायची. उद्या हेच करतो.

दुसरं, टायमर रात्री १० ते सकाळी ७ करतोय. आमच्याकडं एप्रिल-मेमध्ये ४२ पर्यंत जातं, लाल एलईडी गरम झाली की तिचा उजेड निळ्यापेक्षा जास्त घसरतो, माझा हीटसिंक (एलईडीची उष्णता बाहेर टाकणारा धातूचा तुकडा) जुन्या कॉम्प्युटरचा आहे आणि दुपारी हात लावला की चटका बसतो. रात्री टाकीची लाईट बंद असताना स्क्रबर चालू राहिला तर पीएच पण फार खाली जात नाही.

राहिला लाईट जाण्याचा प्रश्न. पंप बंद पडून उन्हाळ्यात स्क्रीन दोन तास कोरडी राहिली तर एवढं सगळं वाया. पंप इन्व्हर्टरवर टाकला तर गुरगुरतो, आमचा स्क्वेअर वेव्हचा आहे. १२ व्होल्टचा डीसी पंप थेट बॅटरीवर टाकायचा विचार चाललाय, तासाला हजार लिटरचा, तीन फूट उंचीवर चढवून ८०० उरले पाहिजेत. कुणी वर्षभर चालवला असेल तर आवाजाचं आणि बेअरिंगचं सांगा.

पुढचं हार्वेस्ट दहा दिवसांनी. तोपर्यंत एकाच बाजूचं ॲक्रिलिक फिरवून ठेवतो, दुसरी बाजू आहे तशी, आणि दोन्ही बाजूंचं शेवाळ वेगवेगळं खरवडून वजन टाकतो.