फियाट दुरुस्त झाली, पण कॉम्प्युटरला ती माहीतच नव्हती : माझा अनुभव

जुनी गाडी घरी दुरुस्त करायला काढणार असाल तर बॉनेट उघडायच्या आधी आरसी बुक उघडा. हे पहिल्यांदाच सांगून टाकतो, कारण बाकीचं लिहिता लिहिता काही राहून जाईल, हे राहायला नको.

माझ्याकडे मामांची १९७२ ची फियाट अकराशे आहे. पुढे १९७४ पासून जिला पद्मिनी म्हणायला लागले तीच ही, कुर्ल्याला बनलेली, १०८९ सीसी, स्टिअरिंगला गिअर. मामा मुंबईत नोकरीला होते, रिटायर झाल्यावर गाडी स्वतः चालवत कोल्हापूरला आले आणि ती शेडमध्ये गेली ती गेलीच. मामा गेल्यावर एकदा मामी म्हणाली, "भंगारवाला सारखा विचारून जातोय रे, तू नेतोस का बघ, नाहीतर देऊन टाकते." मग काय, टोचन लावून आणली घरी.

गाडीच्या कामाबद्दल फार लिहीत नाही कारण ते काम मजेचं होतं आणि मजेच्या कामात सांगण्यासारखं काही अडत नाही. इंजिन जाम नव्हतं, प्लग काढून आत ऑइल सोडून ठेवलं आणि हाताने फिरवलं तर फिरलं. बोअर-पिस्टन कोल्हापूरच्या उद्यमनगरात करून घेतलं, किंग पिन आणि ब्रेकचे व्हील सिलिंडर नवीन टाकले, ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा इतका सडलेला की खालचा रस्ता दिसायचा, तो कापून नवीन वेल्ड केला. सामानासाठी पुण्यात नाना पेठ आणि जुना बाजार (रविवारी किंवा बुधवारी जा, एरवी जाऊन उपयोग नाही). उन्हाळ्यात गरम गाडी बंद पडली तर पेट्रोल पंपावर, म्हणजे इंजिनाच्या बाजूला असतो त्या छोट्या पंपावर, ओलं फडकं टाका, दहा मिनिटांत सुरू होते, हे मुंबईच्या जुन्या टॅक्सीवाल्यांचं औषध आहे आणि अजून लागू पडतं.

आता आरटीओ.

बुकात नोंदणीची मुदत २०१६ ला संपलेली, तेव्हा नूतनीकरण करायचं, फॉर्म २५ भरायचा, गाडी दाखवायची, झालं, असा माझा हिशोब. वेबसाइटवर नंबर टाकला तर रेकॉर्ड सापडत नाही म्हणून आलं. परत टाकला, स्पेस देऊन टाकला, शून्य घालून टाकला. नाहीच. एम ने सुरू होणारे जुने तीन अक्षरी नंबर आहेत ना, एमएच-शून्य-नऊ वगैरे यायच्या आधीचे, त्यातल्या बऱ्याच गाड्या आरटीओच्या वाहन नावाच्या कॉम्प्युटर सिस्टिममध्ये चढलेल्याच नाहीत. त्या चढवायच्या म्हणजे बॅकलॉग एंट्री करायची, आणि ती एंट्री ज्या ऑफिसात गाडीची पहिली नोंद झाली तिथेच होते. म्हणजे मुंबईत. ऑफिसचं नाव लिहीत नाही, ज्यांनी तिथे रांग लावलीय त्यांना जिन्यावरूनच कळेल.

मुंबईच्या खिडकीवरचे भाऊसाहेब तसे वाईट नव्हते. बुक बघितलं, उलटंपालटं केलं, म्हणाले ठेवून जा झेरॉक्स. एंट्री झालीसुद्धा. मी खूश. घरी येऊन चेसिस नंबर, म्हणजे गाडीच्या पत्र्यावर ठोकलेला तिचा ओळख नंबर, ताडून बघतो तर मधला एक इंग्रजी आकडा ३ टाकलेला आणि गाडीवर ८. बुकात नेमकं त्याच आकड्यावर १९७२ चा गोल शिक्का बसलेला, शाई पसरलेली, भिंगातून बघितलं तर ८ वाटतो, भिंग काढलं की ३. आता माणूस म्हणेल एक आकडाच आहे, दुरुस्त करतील. एंट्री करायला एक माणूस लागतो, पण एकदा मंजूर झालेली एंट्री दुरुस्त करायला वरच्या साहेबांची सही, त्यांना मूळ रजिस्टर बघायचंय, आणि मूळ रजिस्टर रेकॉर्ड रूममध्ये, आणि रेकॉर्ड रूमचा माणूस कधी रजेवर, कधी निवडणूक ड्युटीवर, कधी आत्ताच जेवायला गेला.

बरं तोपर्यंत इकडे कोल्हापूरला काही हलेना. विमा एका शाखेत जाऊन बुकाची झेरॉक्स देऊन झाला, पण पीयूसीवाला, म्हणजे धूर तपासून दाखला देणारा, नंबर टाकतो, शेवटचे चेसिसचे आकडे टाकतो, मशीन म्हणतं जुळत नाही. पीयूसी नाही म्हणून नूतनीकरणाचा अर्ज पुढे जात नाही. आणि मुंबईवाले म्हणतात गाडीवर खरंच ८ आहे हे आम्ही कशावरून मानायचं, गाडी घेऊन या. पीयूसी नसलेली, मुदत संपलेली गाडी कोल्हापूरहून मुंबईला रस्त्याने आणा असं खुद्द आरटीओ सांगतंय! मी विचारलं, साहेब वाटेत पकडलं तर? तर म्हणे टेम्पोत घालून आणा. टेम्पोचं भाडं विचारलं आणि मी खाली जाऊन चहा प्यायलो.

शेवटी कोल्हापूरला एका वयस्कर इन्स्पेक्टर साहेबांनी मार्ग सांगितला. मुंबईच्या ऑफिसने पत्र दिलं तर इथेच गाडी तपासून चेसिस प्रिंटसकट रिपोर्ट पाठवता येतो म्हणाले. हे मुंबईत कुणीच का सांगितलं नाही याचा राग मला अजून आहे. ते पत्र मिळवण्याची वेगळी कथा आहे ती सोडतो.

तपासणीच्या दिवशी आणखी एक. फियाटचा चेसिस नंबर बॉनेट उघडल्यावर आतल्या पत्र्यावर पंच केलेला असतो. मामांच्या काळात कुठल्यातरी पेंटरने तिथे पुट्टी मारून वर तीन-चार कोट चढवलेले, नंबराच्या जागी नुसती गुळगुळीत जागा आणि तीन-चार पुसट खळगे. साहेब म्हणाले, साफ करून परत आणा, पण ग्राइंडर लावायचा नाही, तारेचा ब्रशसुद्धा नाही, घासल्याची खूण दिसली तर नंबर खोडलाय असं लिहावं लागेल. हे फार महत्त्वाचं आहे. मी पेंट रिमूव्हर कापसाने लावून, थांबून, प्लॅस्टिकच्या पट्टीने थोडं थोडं खरवडत बसलो, आकड्यांच्या खाचेतली पुट्टी दातकोरणीने काढली. सगळ्यात शेवटी तो आठ वर आला, दोन्ही गोल बंद, स्वच्छ. इतका आनंद इंजिन पहिल्यांदा सुरू झालं तेव्हाही झाला नव्हता, बायको बाहेर येऊन बघून गेली की हा एवढा का ओरडतोय.

प्रिंट घ्यायची पद्धत: नंबरावर शिसपेन्सिल आडवी धरून चांगली घासायची, वर पारदर्शक सेलोटेप दाबून बसवायची, अलगद उचलून फॉर्मवर चिकटवायची. पाच-सहा प्रिंट काढून घरी ठेवा, प्रत्येक टेबलाला एक लागते.

रिपोर्ट गेला, तरी रजिस्टर काही सापडेना. मग मी माहिती अधिकार टाकला. जोडपत्र अ हा अर्जाचा नमुना, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, जन माहिती अधिकाऱ्याच्या नावाने. तक्रार नाही करायची, का केलं नाही असंही विचारायचं नाही, फक्त मागायचं: अमुक नंबरच्या गाडीच्या मूळ नोंदवहीतल्या पानाची साक्षांकित प्रत द्यावी. उत्तर द्यायला त्यांना ३० दिवस असतात. रेकॉर्ड रूमचा माणूस तोच, चावी तीच, पण आता पान मिळालं. आणि त्या पानावर काय सुंदर अक्षर, टाकाने लिहिल्यासारखं, आठ म्हणजे आठ! ती प्रत जोडल्यावर वरच्या साहेबांनी काही न विचारता सही केली.

एजंटकडे का गेलो नाही असं सगळे विचारतात. गेलो होतो. तो म्हणाला कशाला त्रास घेता, पन्नास वर्षं झाली ना, व्हिंटेज करून टाका. २०२१ चा नियम आहे, पन्नास वर्षांपुढची मूळ स्वरूपातली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, नवीन नोंदणीचे २०,००० रुपये, दहा वर्षांची मुदत, व्हीए अक्षरांचा नंबर, आधी नोंद असेल तर जुना नंबरही ठेवता येतो. ऐकायला झकास. पण मग ती रोजच्या वापराला चालत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं, दुरुस्ती असल्याच कामाला रस्त्यावर काढायची. मला रविवारी मामीला पुढच्या सीटवर बसवून जोतिबाला न्यायचीय, प्रदर्शनात नाही मांडायची. ज्यांना वर्षातून एकदाच काढायची आहे त्यांनी जरूर करावं, पण तिथेही चेसिस नंबर लागतोच, त्यामुळे आकड्याचं भांडण काही टळत नाही.

पैशाचं सांगतो म्हणजे अंदाज येईल. पंधरा वर्षांपुढच्या कारच्या नूतनीकरणाची फी २०२२ पासून ५,००० होती. माझा आकडा ३ चा ८ होईपर्यंत ऑगस्ट २०२५ उजाडला आणि वीस वर्षांपुढच्या गाड्यांना ती १०,००० झाली. म्हणजे त्यांच्या शिक्क्यापायी मला पाच हजार जास्त. वर उशिराचे महिन्याला ५०० धरून जो आकडा झाला तो मी मामीला सांगितलेला नाही, पर्यावरण कर वेगळा.

मामांच्या नावावरून गाडी काढायला फॉर्म ३१, मृत्यूचा दाखला, मामेभावांची प्रतिज्ञापत्रं, ते सगळं सरळ झालं. फक्त बॅकलॉगच्या वेळी मोबाईल नंबर कुणाचा देताय ते बघा, मी मामीचा दिला आणि नेमका ओटीपी यायच्या वेळी तिचा फोन देवघरात चार्जिंगला आणि ती अंबाबाईला.

हो, पीयूसीचं राहिलं. एवढ्या जुन्या पेट्रोल कारच्या धुरात सीओ, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, ३ टक्क्यांच्या आत लागतो. कार्ब्युरेटर नुसता धुऊन बसवला तर पास होत नाही, हवा-पेट्रोलच्या मिक्श्चरचा स्क्रू सेट करून, इंजिन चांगलं तापवून मग जा. माझी तापलेली होती, रांगेत उभं राहून.

आणि रंग. बुकात ग्रे लिहिलेलं असेल तर ग्रेच मारा. मला ती फिकट हिरवी करायची फार इच्छा होती, डेंटरने शेड कार्डसुद्धा आणून दिलेलं, पण रंग बदलला की बुकात तो बदलून घ्यायला परत खिडकीवर. नको बाबा. ग्रे छान दिसतो.

कागद हातात यायच्या आधी पेंटवर पैसे घालू नका. पत्रा-वेल्डिंग करा, प्रायमर मारून ठेवा, इंजिन करा, पण फायनल कोट थांबवा. माझ्या ओळखीच्या एकाची जीप रंगून दोन वर्षं ताडपत्रीखाली उभी आहे, त्याच्या बुकाचं शेवटचं पानच नाही. आणि ऑफिसात जे द्याल ते दोन प्रतीत, एका प्रतीवर आवक नंबर आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही, मागचा माणूस कितीही कुरकुरू दे. तोंडी सांगितलेलं पुढच्या वेळी त्याच माणसाला आठवत नाही.

नवीन नंबर प्लेटचं, एचएसआरपीचं, एंट्री बरोबर झाल्यावर घरबसल्या झालं, ७४५ रुपये अधिक जीएसटी. तिथेही चेसिस आणि इंजिन नंबरचे शेवटचे पाच आकडे विचारतात. टाकताना हात जरा थांबला, पण पहिल्याच फटक्यात पुढचं पान उघडलं. पुढच्या बंपरला ती प्लेट बसत नाही, त्यासाठी लोखंडी पट्टीचा ब्रॅकेट करून घ्यावा लागला, उद्यमनगरात तासाभरात मिळाला.